महापे-शीळ रस्त्यावरचे ट्रॅक्टर गॅरेज: जुन्या मॅसीचे इंजिन खोलून बांधून घेताना

ठाणे जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे काम विश्वासाने सोपवावे अशी जागा सापडणे आता अवघड झाले आहे. भिवंडीपासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात भातखाचरांवर गोदामे आणि इमारती उभ्या राहिल्या, तशी ट्रॅक्टरची गॅरेजे एक तर बंद पडली किंवा ट्रक-टेम्पोच्या कामाकडे वळली. कंपन्यांच्या अधिकृत सेवा केंद्रांत नव्या ट्रॅक्टरची देखभाल नीट होते; परंतु पंचवीस-तीस वर्षे वापरलेले इंजिन सुटे करून, त्याचा एकेक भाग मोजून, पुन्हा बांधून देण्याचे काम तेथे सहसा कोणी उत्साहाने अंगावर घेत नाही. महापे-शीळ रस्त्यावरच्या एका गॅरेजात हे काम आम्ही अलीकडेच करून घेतले, त्याचा हा सविस्तर परिचय आहे. आहे तेवढेच काम आवरत नाही, असे सांगून मालकांनी नाव न छापण्याची विनंती केली, म्हणून ते देत नाही. शीळ फाट्यावर पाण्याच्या टँकरवाल्यांकडे ट्रॅक्टरच्या गॅरेजची चौकशी केली, तर बहुतेक जण तेथेच पाठवतात.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे टॅफेचा मॅसी फर्ग्युसन १०३५. त्यातले तीन सिलिंडरांचे सिम्पसन इंजिन मूळ पर्किन्सच्या ३.१५२ या इंजिनाच्या कुळातले. मॅसी फर्ग्युसनने १९५९ मध्ये पर्किन्स कंपनीच विकत घेतली आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘३५’ या ट्रॅक्टरवर हे तीन सिलिंडरांचे इंजिन बसू लागले. इकडे १९६० मध्ये चेन्नईत टॅफे सुरू झाली आणि तिच्या ट्रॅक्टरांनी चेन्नईच्याच सिम्पसनची इंजिने वर्षानुवर्षे वापरली. या वंशावळीचा मालकाला होणारा फायदा असा की, सुटे भाग आजही मिळतात. तोटाही त्यातूनच निघतो: एकाच कुळातल्या वेगवेगळ्या काळच्या इंजिनांचे भाग दिसायला सारखे असतात, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९१.४४ मिलिमीटर हाच सांगितला जातो, आणि दुकानदार जे हाती लागेल ते ‘मॅसीचेच आहे’ म्हणून पुढे करतो. पिस्टनचा माथा, त्यातला ज्वलनाचा खळगा आणि गजन पिनेची (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेची) उंची जुळते की नाही, हे पाहणारा माणूस मिस्त्रीच असावा लागतो.

पडघ्याजवळच्या आमच्या खाचरांत केज व्हील (चिखलासाठीची लोखंडी जाळीदार चाके) लावून चिखलणी करताना ट्रॅक्टर दम टाकू लागला होता. टॅपेट कव्हरच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धुराचा लोट येत होता, ज्याला आपल्याकडे सगळेच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. इंजिन ऑइल वारंवार घालावे लागत होते आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवल्याशिवाय इंजिन उठत नव्हते. ठाण्याच्या हवेत थंडीमुळे डिझेल इंजिन सुरू होत नाही, असे म्हणण्याची वेळ क्वचितच येते. येथे थंड इंजिन उठायला कुरकुर करत असेल, तर संशय आधी सिलिंडरमधील दाबावर, मग डिझेल फवारणाऱ्या नोझलवर आणि शेवटी बॅटरीवर घ्यावा. इतर ठिकाणी विचारणा केली तेव्हा ट्रॅक्टर न पाहताच ‘हाफ इंजिन’ किंवा ‘फुल इंजिन’ असे दोनच दर सांगण्यात आले. हाफ म्हणजे हेड, लायनर (ज्यात पिस्टन सरकतो ती सिलिंडरची आतली नळी), पिस्टन-रिंगा आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे. फुल म्हणजे त्यात क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरवला जाणारा मुख्य दांडाही बाहेर काढायचा. ही पद्धत सोयीची असली, तरी तिच्यात निदान आधीच ठरलेले असते आणि तपासणी नावापुरती उरते.

या गॅरेजचे वेगळेपण येथूनच जाणवू लागले. त्यांनी प्रथम दर सांगण्याचे टाळले. ट्रॅक्टर उतरवून घेतल्यावर इंजिन गरम होईपर्यंत चालवले, एकेका सिलिंडरची डिझेलची नळी सैल करून कोणते सिलिंडर किती काम करते ते पाहिले, नोझल काढून त्या जागी गेज लावले आणि तिन्ही सिलिंडरांचा दाब खडूने बॉनेटवर लिहून ठेवला. मधले सिलिंडर स्पष्टपणे कमी होते. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का आणि चेंबरमधील (इंजिनाच्या तळाच्या टाकीतील) ऑइलमध्ये पाणी उतरले आहे का, हेही पाहिले. त्यानंतर मुख्य मिस्त्री म्हणाले, “अहो, आधी हेड उतरवून बोअर मोजू द्या. क्रँकचं खाली उतरल्यावर सांगतो. आत्ता आकडा सांगितला, तर तो खोटाच असेल.” गॅरेजात प्रथमच आलेल्या ग्राहकाला हे ऐकायला फारसे आवडत नाही, कारण त्याला खर्चाचा आकडा हवा असतो, परंतु जुन्या इंजिनाबाबत यापेक्षा प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

इंजिन खोलण्याच्या पद्धतीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते या गॅरेजची खरी किंमत बांधणीपेक्षा खोलण्यात आहे. या ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पुढचा आस, इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि इंजिनाचे ओतीव अंगच सगळा भार वाहते. त्यामुळे क्लच, फ्लायव्हील किंवा क्रँकच्या मागच्या सीलपर्यंत पोहोचायचे असेल, तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. पुढचा आस मधल्या पिनेवर दोन्ही बाजूंना झुलतो, हे विसरून कोणी ट्रॅक्टर फोडला, तर इंजिनासह पुढचा भाग एका अंगावर कलंडतो. येथे आधी आसाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकण्यात आल्या, मागच्या भागाखाली घोडे (लोखंडी टेकू) लावले, पुढच्या भागाला चेन पुलीचा आधार दिला आणि मगच बोल्ट सैल झाले. स्टिअरिंगचे दांडे, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग सोडवताना प्रत्येक टोकाला पट्टी बांधून खूण केली. हे सांगायला किरकोळ वाटते. पण दुसऱ्याने खुणा न करता खोललेला ट्रॅक्टर बांधायला घेतलेल्या मिस्त्रीला विचारावे, म्हणजे त्याचे मोल कळेल.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड झाले आहे, याची खात्री करून घेण्यात आली. नोझल आधीच बाहेर काढलेली होती, कारण तिचे टोक हेडच्या खालच्या पातळीपेक्षा किंचित पुढे येते आणि नोझलसह हेड जमिनीवर ठेवले, तर तेच टोक दबते. नटा बाहेरून आत अशा क्रमाने, थोड्या थोड्या सैल केल्या. एका बाजूने सगळ्या काढत गेल्यास ओतीव हेडला पीळ बसण्याची भीती असते. पुशरॉडसाठी (वॉल्व्ह उघडण्यासाठी रेटा देणाऱ्या दांड्यांसाठी) लाकडाच्या फळीला भोके पाडून ठेवलेली आहेत आणि प्रत्येक दांडा आपापल्या क्रमांकाच्या भोकात जातो. वॉल्व्हही तसेच क्रमाने. झिजलेल्या भागांची एकमेकांशी जुळलेली जोडी बदलू नये, हा यामागचा हेतू. टॅपेट ज्या पुशरॉडबरोबर आणि कॅमच्या ज्या उंचवट्यावर झिजला, त्याच्याच जागी परतला, तर आणखी बराच काळ शांतपणे चालतो.

पिस्टन वरच्या बाजूने बाहेर काढण्याआधी त्यांनी बोअरच्या तोंडाशी तयार झालेली कडी खरवडून काढली. वरची रिंग जेथपर्यंत पोहोचते तेथवर लायनर झिजतो आणि त्याच्या वरचा पट्टा जुन्या मापाचाच राहतो. ही कडी तशीच ठेवून पिस्टन ठोकत वर ढकलले, तर रिंगा आणि पिस्टनच्या खाचा दोन्ही तुटू शकतात. आमचे पिस्टन तसेही बदलायचे होते, त्यामुळे तसे केले नसते तरी चालले असते; पण बदलायचे की नाही हे मोजल्यावर ठरेल, तोपर्यंत प्रत्येक भाग परत बसणार आहे असे समजूनच तो बाहेर काढायचा, असा तेथील शिरस्ता आहे. कनेक्टिंग रॉड आणि तिची टोपी यांवर कारखान्यातून पडलेले आकडे तपासून, ते जेथे पुसट झाले होते तेथे ठशाने पुन्हा उमटवले. टोपी उलटी बसली किंवा दुसऱ्या रॉडला गेली, तर बेअरिंगचा घेर बिघडतो, हे सांगण्याची गरज नाही.

नंतर मोजमाप. बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोन दिशांनी मोजले गेले. झीज अपेक्षेप्रमाणे वरच्या बाजूला आणि पिस्टन ज्या दिशेला रेटला जातो त्या दिशेला जास्त होती. मधल्या बोअरमध्ये ती तिन्हींत सर्वाधिक. येथे लायनर बदलणे अटळ होते. क्रँकच्या बाबतीत मात्र मी स्वतः ‘पॉलिश करून चालेल’ अशा आशेवर होतो आणि दुसऱ्या कोणी ती आशा आनंदाने पुरवलीही असती. मायक्रोमीटर लावल्यावर मधल्या रॉडचा जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) गोल राहिला नसल्याचे दिसले. त्यामुळे क्रँक ग्राइंड करून पहिल्या लहान मापाला, म्हणजे ०.२५ मिलिमीटर कमी करून, त्याला जुळणारी बेअरिंगे घालायचे ठरले. बाजारात यालाच ‘दहा साइज’ म्हणतात, कारण ते इंचाचे दहा सहस्रांश (०.०१० इंच) होते. क्रँक प्रथमच ग्राइंड होत असल्याने पुढे आणखी एक-दोन वेळा तो घासून घेण्यास जागा आहे, हे मिस्त्रींनी आवर्जून सांगितले. याउलट कॅम शाफ्ट, टॅपेट, रॉकरचे दांडे आणि ऑइल पंप त्यांनी तपासून तसेच ठेवले. बदलण्याच्या यादीत भाग वाढवला की गॅरेजचाही फायदा होतो आणि ग्राहकालाही काहीतरी मोठे काम झाल्याचे समाधान मिळते, त्यामुळे ‘हे अजून चालेल’ असे सांगणारे गॅरेज विरळाच.

क्रँकचे ग्राइंडिंग वागळे इस्टेटमधील एका यंत्रशाळेत झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या जुन्या वसाहतीतले अनेक कारखाने गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या; तरी गल्ल्यांमध्ये लेथ आणि ग्राइंडर चालवणारे काही कारागीर अजून टिकून आहेत. तेथून आलेला क्रँक आमच्या मिस्त्रींनी पुन्हा मोजला, ऑइलच्या भोकांच्या धारदार कडा हलक्या हाताने घासून बोथट केल्या आहेत की नाही हे बोटाने पाहिले आणि आतली भोके तार-ब्रशने धुतली. ग्राइंडिंगची भुकटी तेथे राहिली, तर नवी बेअरिंगे पहिल्याच तासाभरात खराब होतात.

लायनर बसवण्याचे काम मी जवळ उभा राहून पाहिले. या इंजिनाचे लायनर कोरडे, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला पाणी लागत नाही. उष्णता लायनरमधून ब्लॉकच्या भिंतीत आणि तेथून पाण्यात जाते. म्हणूनच लायनर आणि ब्लॉक यांच्यामध्ये गंजाचा किंवा काजळीचा थर राहून चालत नाही. त्या जागी उष्णता अडते, लायनर तेवढ्याच भागात फुगतो आणि पिस्टन धरू लागतो. जुने लायनर प्रेसने काढल्यावर ब्लॉकची भोके पांढऱ्या फडक्याला डाग पडणार नाही इतकी साफ करण्यात आली, वरच्या कडेचा खाचा खरवडून समतल केला आणि मग नवे लायनर दाबून बसवले. लायनर दोन प्रकारचे मिळतात: एक पूर्ण तयार मापाचे, दुसरे अर्धवट मापाचे, जे बसवल्यावर बोअर करून होन करावे (आतून बारीक घासून मापात आणावे) लागतात. या गॅरेजात दुसऱ्या प्रकाराचा आग्रह धरतात, कारण दाबून बसताना लायनर किंचित आवळतो आणि अखेरचे माप त्यानंतरच घेतलेले बरे, असे त्यांचे मत आहे. त्यासाठी ब्लॉक पुन्हा यंत्रशाळेत न्यावा लागतो आणि खर्च वाढतो. माझ्या मते जुन्या, गरम-थंड होऊन थोड्याफार पिळवटलेल्या ब्लॉकसाठी हा खर्च योग्य आहे. ज्यांना हंगामाची घाई आहे, त्यांना तयार मापाचे लायनर वापरण्याचा मोहही समजण्यासारखा आहे.

रिंगा बसवताना प्रत्येक रिंग आधी एकटी बोअरमध्ये सोडून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, तिच्या टोकांमधील फट फिलर गेजने मोजली गेली. ही पायरी मी अनेक ठिकाणी गाळलेली पाहिली आहे. डबीवर माप छापलेले आहे, मग पुन्हा कशाला मोजायचे, असा त्यामागचा विचार. परंतु इंजिन तापल्यावर फट अपुरी पडली, तर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि बोअरवर ओरखडे उठतात. तिन्ही पिस्टनांवर रिंगांची तोंडे एका रेषेत येणार नाहीत, अशी फिरवून ठेवली.

क्रँकच्या मागच्या टोकाला या कुळातील जुन्या इंजिनांत रबरी सीलऐवजी दोरीचे सील असते. दोन अर्धगोल कड्यांच्या खाचेत ती ग्रॅफाइट लावलेली दोरी गोल दांड्याने चेपत बसवायची, टोके किंचित वर ठेवून कापायची आणि दोन्ही अर्धे एकत्र आवळायचे. दोरी कमी चेपली, तर क्रँक जड फिरतो. टोके आखूड कापली, तर क्लचच्या घरात ऑइल उतरते. तरुण मेकॅनिकांना हे काम येत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. येथे मुख्य मिस्त्रींनी ते स्वतः न करता शिकाऊ मुलाकडून करवून घेतले, आणि पहिली दोरी काढून टाकायला लावून दुसरी बसवून घेतली. वाया गेलेल्या दोरीचे पैसे बिलात धरले नव्हते.

टायमिंगचे गिअर जुळवताना क्रँक, आयडलर, कॅम आणि पंप यांच्या दात्यांवरील खुणा समोरासमोर आणाव्या लागतात. मधल्या आयडलरच्या दात्यांची संख्या अशी असते की, इंजिन एकदोन फेऱ्या फिरवले की खुणा पुन्हा जुळलेल्या दिसत नाहीत. अनेक फेऱ्यांनंतरच त्या एकत्र येतात. हे माहीत नसलेला ग्राहक घाबरतो आणि हे माहीत नसलेला मेकॅनिक सगळे पुन्हा खोलतो. येथे खुणा जुळल्यावर मोबाइलवर छायाचित्र घेऊन मला पाठवण्यात आले आणि त्यानंतरच पुढचे झाकण लागले. हा छोटासा रिवाज मला फार आवडला.

हेडचे काम तुलनेने सरळ होते. पट्टी आणि फिलर गेज लावून पातळी पाहिली, वॉल्व्हच्या बैठकांमध्ये तडे नाहीत याची रंग लावून खात्री केली, बैठका घासून वॉल्व्ह पेस्टने लॅप केले आणि वॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत जातात हे मोजले. वारंवार घासलेल्या हेडमध्ये ते जास्त आत गेले, तर दाब कमी पडतो. गॅस्केटवरील ‘टॉप फ्रंट’ ही खूण पाहून ते ठेवले, नटा मधून बाहेर अशा क्रमाने तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळल्या. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.३० मिलिमीटर आणि इंजिन तापवून हेडच्या नटा पुन्हा आवळल्यावर ०.२५ मिलिमीटर ठेवली. पर्किन्स कुळाचे हे माप मिस्त्रींना तोंडपाठ असले, तरी त्यांच्या टेबलावर तेलकट झालेले मूळ सर्व्हिस पुस्तक उघडेच असते, हे नमूद करायला हवे.

डिझेल पंपाचा भाग मात्र या गॅरेजच्या हाती नाही आणि तेथेच मनस्ताप झाला. या इंजिनावर सीएव्हीचा डीपीए जातीचा फिरता पंप आहे. या पंपाच्या आतल्या भागांना ऑइल मिळत नाही, वंगण म्हणून डिझेलच वापरले जाते. त्यामुळे पाणी किंवा कचरा असलेले डिझेल त्याला लगेच बाधते आणि दुरुस्तीनंतर तो चाचणीच्या टेबलावर लावूनच मापात आणावा लागतो. पंप आणि नोझल तुर्भ्याच्या बाजूच्या एका पंप-दुरुस्ती केंद्रात पाठवण्यात आले. तेथून ते ठरल्यापेक्षा बरेच उशिरा आले, नळ्यांच्या तोंडांना टोप्या नव्हत्या आणि कोणते भाग बदलले याची यादीही नव्हती. गॅरेजच्या मालकांनी पंप तसाच न बसवता परत पाठवला, तो पुन्हा साफ करून, टोप्या लावून आणि चाचणीचे आकडे लिहून आणवला. त्यांची भूमिका योग्यच होती. पण जे केंद्र ते स्वतः निवडतात, त्याच्या विलंबाची जबाबदारीही त्यांनी थोडी घ्यायला हवी होती. ग्राहकाला सारा वेळ ‘तिकडून आले की सांगतो’ एवढेच उत्तर मिळत होते.

पंप बसवताना बाहेरच्या पट्टीवरील खूण आणि झाकणावरील खूण जुळवणे, नोझलखालची तांब्याची वायसर नवीच वापरणे, आणि मग फिल्टरपासून पंपाच्या दोन स्क्रूंपर्यंत व शेवटी नोझलच्या नळ्यांपर्यंत क्रमाने हवा काढणे, हे सगळे घाई न करता झाले. इंजिन उठल्यावर ऑइलचा दाब वर आला की नाही, याकडे मिस्त्रींचे डोळे होते. आमचे मात्र धुराकडे. पहिल्या काही तासांत ट्रॅक्टर नुसता उभा ठेवून मंद चालवू नका, हलक्या ते मध्यम भाराखाली चालवा, असे त्यांनी बजावले. नवे लायनर आणि रिंगा भाराखालीच एकमेकांशी जुळतात. तासन्‌तास रिकामे चालवल्यास बोअरच्या पृष्ठभागावर चकाकी येते आणि इंजिन ऑइल खाऊ लागते. बऱ्याच शेतकऱ्यांत याच्या उलट समज आहे आणि तो गॅरेजांनीच पसरवलेला आहे.

आता उणिवा. पहिली आणि मोठी म्हणजे जागा. गॅरेज रस्त्याला लागून आहे, डंपर आणि कंटेनर रात्रंदिवस धूळ उडवत जातात, आणि उघड्या ब्लॉकवर प्लास्टिक टाकून काम चालते. बांधणीसाठी निदान एक बंद खोली असायला हवी. भाग धुण्यासाठी डिझेल आणि ब्रशच वापरतात. गरम द्रावणाची टाकी नाही. ब्लॉकमधील ऑइलच्या आडव्या वाटांची बुचे काढून त्या आतून धुवाव्यात, हे मला आग्रहाने सांगावे लागले. सांगितल्यावर ते नीट केले, पण न सांगता झाले असते, तर अधिक बरे वाटले असते. धुतलेले काळे डिझेल शेजारच्या नाल्याकडे जाते, ही गोष्ट तर डोळ्याआड करण्यासारखी नाही.

दुसरी उणीव नोंदींची. मोजमाप उत्तम घेतात. पण ते खडूने बॉनेटवर किंवा पुठ्ठ्यावर लिहितात आणि काम संपल्यावर पुसून टाकतात. पुढच्या वेळी कोणत्या मापाची बेअरिंगे घालायची, हे कळण्यासाठी एक साधा छापील कागद ग्राहकाला द्यायला काय हरकत आहे? मी माझी नोंद वहीत करून घेतली. वेळेचा अंदाजही भरवशाचा नाही. मालक सांगतात त्याच्या दुप्पट वेळ गृहीत धरावा. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून काम झाल्यावर ऑइल झिरपू लागले होते. फोन केल्यावर त्यांचा माणूस येऊन ते बदलून गेला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

बिलाविषयी सांगायचे, तर सुट्या भागांच्या किमती वरचेवर बदलत असल्याने आकडे लिहिण्यात अर्थ नाही. मजुरी, यंत्रशाळेचे काम, पंपाचे काम आणि सुटे भाग असे चार वेगळे हिशेब मिळाले, भागांच्या डब्या आणि काढलेले जुने भाग पोत्यात बांधून परत देण्यात आले. ‘हाफ इंजिन’चा ठोक दर सांगणाऱ्या गॅरेजांपेक्षा एकूण खर्च निश्चितच जास्त झाला. शीळ-डायघरच्या भंगार गोदामांतून जुना ब्लॉक किंवा हेड आणून स्वस्तात भागवण्याचा सल्लाही काहींनी दिला होता. मिस्त्री त्याला विरोध करत नाहीत, पण असा भाग आधी मोजून आणि तडे तपासूनच घेतात, आणि नाकारला तरी तपासणीची मजुरी लावतात.

यंदाच्या चिखलणीत ट्रॅक्टर केज व्हीलवर, खोल खाचरातही, न अडखळता चालला. ब्रीदरमधला धूर जवळजवळ बंद झाला आहे, सकाळी इंजिन पहिल्या फिरकीत उठते, आणि ऑइल दोन बदलांच्या मध्ये वरून घालावे लागलेले नाही. क्लचच्या घराच्या तळाशी ऑइलचा थेंबही नाही, म्हणजे दोरीचे सील नीट बसले आहे.

ज्यांना पावसाआधी काम हवे आहे, त्यांनी ट्रॅक्टर होळीनंतर लगेच नेऊन ठेवावा. मे महिन्यात मुरबाड, शहापूरकडचे सगळेच तेथे येतात आणि अंगणात उभे करायला जागा उरत नाही. ट्रॅक्टर स्वतःहून चालत नसेल, तर वाहून आणण्याची सोय आपणच करायची आहे. इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणालीचे नवे ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिक लिफ्टची मोठी कामे ते घेत नाहीत. फोन उचलत नाहीत, त्यामुळे सकाळी दहाच्या आत प्रत्यक्ष जावे. रविवारी गॅरेज उघडे असते आणि सोमवारी बंद.